मोरटेकडीवरचा दुर्मिळ पक्षी

खोटं बोलून कुणालाही निसर्गावर प्रेम करायला शिकवता येत नाही, असं पोतनीस सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी मला करवंदीच्या जाळीत टेपरेकॉर्डर कसा लपवायचा ते दाखवताना उच्चारलं.

“काटे सांभाळा, बाई. हे बटण दाबलं की आधी तांबट. मग जरा शांतता. मग भारद्वाज, मग पावश्या, मग सुगरणी. मधे हात लावायचा नाही. पक्षी आपापल्या मर्जीनं बोलतायत असं वाटलं पाहिजे.”

“आणि मुलांनी विचारलं, बागवेबाई कुठायत?”

“सांगेन, शाळेच्या कामात आहेत. ते खरंच आहे.”

मी त्या वेळी आमच्या तालुक्याच्या गावात पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवत होते. सर हायस्कुलातून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येक माणसाला बेडकाचं हृदय तीन कप्प्यांचं असतं हे त्यांनी पाठ करायला लावलं होतं. गावाला विज्ञान म्हणून तेवढंच येत होतं. दर रविवारी सकाळी सर माझ्या वर्गातली मुलं मोरटेकडीवर न्यायचे. मला सोबत घ्यायचे, कारण मुलांना शू लागली की सरांना काही सुचत नसे.

मोरटेकडीवर मोर नव्हते. बाभळी होत्या, बोरी होत्या, करवंदीच्या जाळ्या होत्या आणि पलीकडच्या अंगाला खडी क्रशर होता. क्रशर आल्यावर पक्ष्यांनी कुठेही अर्ज न करता टेकडी सोडली. आता टेकडीवर प्लॉट पाडायचे असं घाटत होतं. ढमढेरे नावाच्या माणसानं ‘मयूर पार्क’ असा फलकही रंगवून ठेवला होता; त्यावर मात्र मोर होता. सरांनी पालिकेत जाऊन सांगितलं की ही जागा मुलांसाठी राखून ठेवा. नगराध्यक्ष म्हणाले, “सर, ठेवू की. पण तिथं आहे काय? आणि मुलं तरी जातात का?”

म्हणून मुलं. आणि म्हणून टेप.

पहिल्या रविवारी टेप नव्हता. सरांचा एक खेळ होता. मुलांनी गोल करून बसायचं, डोळे मिटायचे आणि जेवढे आवाज ऐकू येतील तेवढी बोटं वर करायची. मग एकेकानं सांगायचं. हर्षलला क्रशर ऐकू आला. इर्शादला एसटीचा हॉर्न ऐकू आला. वैजू नावाची बारकी, तेल चोपडून घट्ट वेण्या घातलेली मुलगी होती, तिनं दोन बोटं वर केली.

“सांग वैजू, काय काय ऐकलंस?”

“एक क्रशर.”

“आणि?”

“हर्षलचं नाक.”

पुढच्या रविवारी त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती.

ती कॅसेट सरांनी आणि कुमुदताईंनी मिळून भरली होती. कुमुदताई म्हणजे सरांच्या पत्नी. क्रशर येण्याआधी दोघं पहाटे टेकडीवर जाऊन बसायची. सर माइक धरून, त्या दुर्बीण घेऊन. कुमुदताईंना जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. कॅसेटमध्ये मधूनमधून माणसांचे आवाज होते. ते सरांनी मुलांसाठी पुसून काढले होते, असं त्यांनी मला जाता जाता सांगितलं. कुणाचे आवाज, ते मी विचारलं नाही. टेकडीवर दोघंच तर जात होती.

“दुसऱ्या बाजूला काय आहे?”

“कोरी आहे,” सर म्हणाले.

टेपचा परिणाम झाला, हे मान्य करायला हवं. मी जाळीत उकिडवी बसून बटण दाबायचे आणि समोर बोटांची शेतं उगवायची. मुलं घरी जाऊन तांबट कसा ठोकतो ते वाटी-चमच्यावर वाजवून दाखवू लागली. आया मला भाजीबाजारात थांबवून विचारू लागल्या, “बाई, टेकडीवर एवढे पक्षी आहेत व्हय? आम्हाला कधी दिसलं नाहीत.” मी म्हणायचे, लाजरे आहेत. नगराध्यक्षांच्या नातवानं जेवणाच्या ताटावर पावश्याचा आवाज काढला, तेव्हा नगराध्यक्षांनी सरांना निरोप पाठवला की विषय पुढच्या सभेत घेऊ. सर त्या आठवड्यात दोनदा हसले.

त्या रविवारी मुलं उठायलाच तयार नव्हती. “अजून, सर, अजून.” सरांनी खेळ लांबवला. तो टेपरेकॉर्डर सरांच्या मेव्हण्यानं मस्कतहून आणलेला होता. एक बाजू संपली की कॅसेट न काढता तो आपणहून दुसरी बाजू वाजवायचा. ही सोय खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली होती. खोकं सरांनी माळ्यावर जपून ठेवलं होतं.

सुगरणी संपल्या. खट्ट झालं. थोडा वेळ नुसती खरखर आली. मला वाटलं, कोरी बाजू लागली.

मग एक बाई कुजबुजली.

“हलू नका.”

मुलांची बोटं वर होती. ती तशीच राहिली.

“अहो, मागे वळू नका. ती तुमच्या मागेच आहे.”

मी बटणाकडे हात नेला. तेवढ्यात फांद्यांच्या फटीतून मला सरांचा चेहरा दिसला. मुलांचे डोळे मिटलेले होते, सरांचे उघडे होते. मी हात मागे घेतला.

“येतेय... जवळ येतेय... श्वास घेऊ नका ना एवढ्यानं.” मग हसू दाबल्यासारखा आवाज. मग खूप वेळ काहीच नाही. आणि मग, अगदी सहज, “गेली.”

एकही मूल ओरडलं नाही. मी पुष्कळ वर्षं लहान मुलांना गप्प बसायला सांगितलं आहे. ती एवढी गप्प कधी बसली नाहीत. कुणाची मान वळली नाही. क्रशर त्या दिवशी बंद होता. हर्षलचं नाकसुद्धा वाजत नव्हतं. एक बाई सांगत होती, हलू नका, आणि एवढी मुलं आणि एक निवृत्त शिक्षक हलत नव्हते. मी बटण दाबलं. खट्ट असा आवाज झाला आणि मगच वैजूनं डोळे उघडले.

“सर, कोण बोललं?”

सरांनी आयुष्यात मुलांच्या कुठल्याही प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हटलं नव्हतं.

“पक्षी,” ते म्हणाले.

“कुठला?”

“दुर्मिळ.”

जेवणाची वेळ होईपर्यंत गावात कळलं होतं. संध्याकाळी त्या बाईला पांढरं पातळ मिळालं, रात्री तिचे पाय उलटे झाले. आमच्या गावाला बुलबुल आणि साळुंकी यांत फरक सांगता येत नाही, पण भुताची जात ठरवताना एकानंही चूक केली नाही. माझ्या ओट्यावर बसून शेजारच्या वत्सलाकाकूंनी मला समजावलं.

“हडळ नव्हं बाई ती. ‘अहो’ म्हणाली ना? म्हणजे नवरा हाय. विधवा असती तर लावसट म्हटलं असतं. नवरा मागं ठेवून गेलेली सवाष्ण, ती जखीण. जखीण कुणाला तरास देत नाही. नुसती वाट अडवती.”

“कशाला अडवते?”

“आता मला काय ठावं? तिची काय तरी ऱ्हायलेली गोष्ट असंल.”

पुढच्या रविवारी टेकडीच्या पायथ्याशी एकटी वैजू आली, आणि तिला परत न्यायला आलेली तिची आई. वैजूची आई शिलाईकाम करायची. तिनं माझ्यासमोरच पोरीचा दंड धरला, पण मला बोल लावला नाही. उलट विचारलं, “बाई, त्या करवंदीपाशी आता जाऊ का हो? ओटी आणलीय. लेकरांना काही केलं नाही तिनं. नुसतं थांबा म्हणाली. अशा बाईची ओटी तरी भरायला नको?”

खण, नारळ, तांदूळ आणि हिरव्या बांगड्या. तिनं ते जाळीपाशी ठेवलं, नमस्कार केला आणि वैजूला ओढत घेऊन गेली. वैजू मागं वळून ओरडली, “बाई, जी येणार होती, ती नंतर आली का?”

सर सगळं बघत उभे होते. त्या दोघी गेल्यावर जाळीपाशी जाऊन वाकले.

“काचेच्या आहेत,” ते म्हणाले. “कुमुद टेकडीवर येताना बांगड्या काढून ठेवायची. पक्ष्यांना आवाज जातो म्हणायची.”

“सर, दुसरी बाजू कोरी आहे म्हणाला होतात.”

“पुसणार होतो. पहिली पुसली, तेव्हा वाटलं दुसरीही जमेल. तेवढीच राहिलीय आता. तिच्या आवाजाची दुसरी कॅसेट नाही. आम्ही कधी आमचे आवाज भरले नाहीत. कशाला भरणार? समोरासमोरच होतो.”

ढमढेरे आला तो त्याच आठवड्यात, सरांच्या घरी. मी वर्गाची चित्रं दाखवायला गेले होते. सगळ्या मुलांनी टेकडीचं चित्र काढलं होतं आणि सगळ्यांच्या टेकडीवर एक बाई होती. ढमढेरे सरांचा जुना विद्यार्थी. खुर्चीवर बसायला सांगितलं तरी कडेवरच बसला.

“सर, लोक इसार परत मागायलेत.”

“कशाबद्दल?”

“तुमच्या त्या बाईबद्दल! हायवेच्या बाजूच्या प्लॉटचं बुकिंग रद्द झालं, वरचं झालं, आता डॉक्टर म्हणतोय मलापण नको. म्हणजे डॉक्टर, सर! एमबीबीएस!” त्यानं हात जोडले. “तुम्ही गावात अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं दिली. गणपतीत निखाऱ्यांवरून चालून दाखवलं. माझ्या बाची दाढ दुखत होती तेव्हा गंडा तोडून टाकला तुम्ही. आता एकदा उभं राहून सांगा, भूत नसतं म्हणून. तुमचं ऐकतील.”

“आणि मी सांगितल्यावर?”

“प्लॉट जातील की.”

“टेकडी जाईल.”

“टेकडी कुठं जातीय, सर? तिथंच राहील. फक्त वर घरं येतील.”

तो गेला. त्यांना पेच अगदी स्वच्छ दिसत होता, आणि मलाही. गप्प बसावं तर टेकडी वाचत होती, पण ती भुतामुळे वाचत होती, ज्याच्याविरुद्ध सर जन्मभर बोलले. शिवाय भूत कुमुद होती. बोलावं तर टेप सगळ्या गावासमोर वाजवावा लागणार. मग पक्षी खोटे ठरणार, सर खोटे ठरणार आणि ढमढेरेचा फलक टेकडीवर उभा राहणार.

“सर, मी सांगते,” मी म्हणाले. “तो आवाज माझा होता म्हणते. जाळीत मी होते, मुलांची गंमत केली. पक्षी तुमचेच राहतील.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

“तुमचा आवाज तसा नाही, बाई,” ते म्हणाले.

सभा शाळेच्या सभागृहात झाली. नगराध्यक्षांनी बोलावली, चहा ढमढेरेचा होता. एवढी गर्दी सरांच्या निरोप समारंभालाही नव्हती. सरांनी मला पिशवी आणायला सांगितली होती. मी पहिल्या रांगेत बसले, पिशवी मांडीवर. आत कॅसेट घालून ठेवलेली, दुसरी बाजू, बरोब्बर जागेवर. “मी मान हलवली की बटण दाबा,” असं ठरलं होतं.

सर उभे राहिले. घसा साफ करायची त्यांची जुनी सवय होती. ते ऐकून अर्धं सभागृह ताठ बसलं.

“भूत नसतं,” सर म्हणाले.

ढमढेरेनं टाळी वाजवली. एकट्यानंच.

“तुम्ही बहुतेक सगळे माझ्या वर्गात होता. मेल्यानंतर माणसाचं काहीही उरत नाही, हे मी तुम्हाला शिकवलंय. ते बरोबर आहे. त्यात बदल नाही.”

मागच्या रांगेतून इर्शादचे चाचा उठले. त्यांचं सायकलचं दुकान होतं. “सर, आम्हाला मान्य. पण पोरं खोटं बोलत नाहीत. आमचा इर्शाद आजून झोपेत म्हणतो, हलू नका. मग तो आवाज होता कुणाचा?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझा अंगठा पिशवीच्या कापडावरून बटणावर होता. मला कापडातून बटणाची कड लागत होती. मी मानेकडे बघत राहिले.

मान हलली नाही.

“कुमुदचा,” सर म्हणाले.

वत्सलाकाकूंनी पदर डोक्यावर घेतला. वैजूच्या आईनं हात जोडले, ते सरांना की आणखी कुणाला, ते कळलं नाही. ज्या माणसानं गावातले सगळे गंडे तोडले होते, त्या माणसानं स्वतःच्या बायकोचा आवाज ओळखला होता. आता आणखी काय पुरावा लागतो?

ढमढेरे अर्धवट उठला. “पण सर, म्हणजे... तुम्ही तर आत्ता म्हणाला...”

“ढमढेरे, खाली बस.”

तो बसला. सातवीतही असाच बसत असणार.

नगराध्यक्षांनी चहा घ्या म्हणून सांगितलं. चहा कुणी घेतला नाही. लोक सरांच्या बाजूनं जाताना थोडं अंतर ठेवून जात होते. आदरानं जावं तसं, आणि भीतीनं जावं तसंही.

घरी परतताना मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“टेपचं सांगायचं राहिलं, सर.”

“हो.”

“सांगायचं ठरलं होतं.”

“ठरलं होतं. पण वाजवला असता तर लोक हसले असते, बाई. आधी सुटल्यासारखे हसले असते, मग चेष्टेनं. पोरांनी गल्लीत ‘अहो, मागे वळू नका’ करून दाखवलं असतं.” ते चालत राहिले. “घाबरलेली माणसं परवडतात. ती तरी गप्प बसून ऐकतात.”

त्यांच्या फाटकापाशी आम्ही थांबलो. जे वैजूनं विचारलं होतं, तेच मी विचारलं.

“ती कोण होती, सर? तुमच्या मागे आली होती ती?”

“माहीत नाही.”

हे त्यांनी माझ्या ऐकण्यात पहिल्यांदा म्हटलं.

“म्हणजे?”

“मी वळलोच नाही. वळू नका म्हणाली ना ती. मी माइक धरून बसलो. तिनं बघितलं. इतक्या जवळून मी कधीच बघितली नव्हती, म्हणाली. नाव नंतर सांगते, आधी पुस्तकात बघू दे. मग घरी आलो तर पाहुणे आलेले. मग राहिलं.” त्यांनी हात पुढं केला, मी पिशवी दिली. “टेपवर पक्ष्याचा आवाज नाही. शंभरदा ऐकलं. ती बोललीच नाही. जी कोण होती ती.”

प्लॉट गेले नाहीत. ढमढेरेनं फलक उतरवून दुसऱ्या गावी नेला. मुलांना टेकडीवर पाठवायला मात्र एकही आई तयार झाली नाही, आणि माझ्या वर्गाचा निसर्ग पुन्हा पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या धड्यात गेला. वैजू एकदा एकटीच टेकडीवर जाऊन बसली, म्हणून घरी मार खाल्ला. आवाज ऐकलास का, असं विचारल्यावर हो म्हणाली. तिनं खरंच ऐकला असणार, कारण सर दर रविवारी पिशवी घेऊन वर जायचे. त्यांनी कुणाला घाबरवायला म्हणून तो टेप कधी वाजवला नाही. ते बाभळीखाली पाठ करून बसायचे आणि वळायचे नाहीत. गुराखी लांबून जायचे. पौर्णिमेला जाळीपाशी ओट्या साठायच्या. टेकडीवरची एक काडी कुणी तोडली नाही. आम्ही दोघांनी मिळून मुलांना जे शिकवायला दोन वर्षं घेतली असती, ते कुमुदताईंनी ‘अहो’ म्हणून गावाला शिकवलं होतं.

सर गेले तेव्हा टेपरेकॉर्डर मेव्हण्यानं परत नेला. कॅसेट आत होती की नव्हती, ते त्याला सांगता आलं नाही. मी पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं की यंत्र उत्तम चालतं आणि मुलं त्यावर गाणी भरतात.

त्यानंतर पालिकेला कचरा डेपोसाठी जागा हवी होती. गावाजवळची, पण जिच्या आजूबाजूला कुणी राहत नाही, जिच्यावर कुणाचा प्लॉट नाही आणि जिथं कुणाची मुलं खेळत नाहीत अशी. मोरटेकडी सगळ्या अटींत बसली. हरकती मागवल्या, मी एक दिली, दुसरी आली नाही. आता तिथं तालुक्यातले सर्वांत जास्त पक्षी असतात. बहुतेक घारी.